‘हे मी पाहिले आहे’ : विल्यम एस. हार्ट यांच्या पडद्याचे आणि लेखणीचे प्रकरण

१९३९ साली ‘टम्बलवीड्स’ हा चौदा वर्षांपूर्वीचा मूकपट संगीत आणि ध्वनी घालून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या आरंभी सुमारे आठ मिनिटांचे नवे प्रास्ताविक जोडण्यात आले. कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथील आपल्या रँचवर, उघड्या माळावर, काऊबॉयच्या वेषात एक चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस उभा राहतो आणि प्रेक्षकांशी बोलू लागतो. चेहरा लांबट, दगडात कोरल्यासारखा आहे, आणि तो चेहरा त्या काळच्या निम्म्या जगाला ओळखीचा होता. आवाज मात्र चित्रपटाच्या प्रेक्षकांनी तोवर पडद्यावरून ऐकलेला नव्हता. रापलेल्या गुराख्याचा तुटक, रुक्ष आवाज ऐकू येईल अशी आपली अपेक्षा असते, आणि कानावर पडतो तो रंगभूमीवर घडलेला, स्वर लांबवणारा, शब्दाशब्दाला वजन देणारा, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेल्या नटाचा आवाज. तोंडावर येणारा वारा, पाठलागाच्या टापा, घोड्याच्या पाठीवरचा थरार यांविषयी तो बोलतो, मेलेल्या घोड्याची आठवण काढतो, आणि बोलता बोलता त्याचे डोळे भरून येतात.

हा माणूस म्हणजे विल्यम सरे हार्ट. मूकपटांच्या काळात अमेरिकेच्या पश्चिमेचे खरे चित्र पडद्यावर आणणारा नट म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि त्या खरेपणाचा आधार म्हणून त्यांचे बालपण पुढे केले जाते. आपण त्या प्रदेशात वाढलो, ती माणसे जवळून पाहिली, म्हणून आपले चित्रण खरे, असा हार्ट यांचा दावा होता. हा दावा त्यांनी चित्रपटांतून मांडला, आणि कथा, बालकादंबऱ्या व एक आत्मचरित्र लिहून तो पुन्हा पुन्हा पक्का केला. प्रस्तुत अभ्यासाचा विषय हा दावाच आहे. तो कोठून आला, कोठे टिकतो, कोठे विरतो, आणि लेखनाने त्याचे काय केले, हे पाहायचे आहे. माझ्या मते वरच्या प्रास्ताविकातला तो अनपेक्षित आवाज हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे, कारण तो हार्ट यांना लपवता आला नाही, आणि लपवावा असे त्यांना वाटलेही नसावे.

जन्म, भटकंती आणि रंगभूमी

हार्ट यांचा जन्म ६ डिसेंबर १८६४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील न्यूबर्ग येथे झाला. जुन्या संदर्भग्रंथांत १८७० हे साल बराच काळ छापले जात होते, आणि नटाच्या वयातून पाच-सहा वर्षे कमी झाली की त्याचा फायदा कोणाला होतो हे सांगण्याची गरज नाही. वडील इंग्लंडमधून आलेले, पिठाच्या गिरण्यांच्या कामातले कारागीर, आई आयर्लंडची. वडिलांच्या कामामुळे कुटुंब मध्य-पश्चिमेत गावोगाव फिरत राहिले, आणि डकोटा प्रदेशाच्या आसपास मुलाचा सू या मूळ अमेरिकी लोकांशी संबंध आला. त्यांची भाषा व खाणाखुणा आपण लहानपणीच शिकलो, असे हार्ट पुढे आयुष्यभर सांगत राहिले. सू सिटीच्या रस्त्यावर शेरिफ आणि जुगारी यांच्यातील गोळीबारात आपण वडिलांबरोबर सापडलो होतो, ही त्यांची आणखी एक आवडती आठवण.

हे बालपण खोटे ठरवण्याचे कारण नाही. गिरणीवाला बाप, फिरते बिऱ्हाड आणि शेजारी सू वस्ती ही चौकट पक्की आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. किशोरवयातच ते पूर्वेकडे परतले, न्यूयॉर्कमध्ये काही काळ टपाल कारकून होते, आणि १८८८च्या सुमारास त्यांनी नाटक कंपनीत पाऊल ठेवले. तेथून पुढची पंचवीस वर्षे ते पूर्ण वेळ रंगभूमीचे नट होते. शेक्सपिअर झाला, मोजेस्कांसारख्या नामवंत अभिनेत्रीच्या कंपनीत काम झाले, आणि नोव्हेंबर १८९९मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात ‘बेन-हर’ रंगमंचावर आले तेव्हा मेसालाची, म्हणजे नायकाच्या शत्रूची, भूमिका हार्ट यांना मिळाली.

त्या प्रयोगापाशी थोडे थांबले पाहिजे. नाटकातल्या रथांच्या शर्यतीसाठी खरे घोडे रंगमंचावर आणले होते आणि ते फिरत्या पट्ट्यांवर दौडत. घोडे जिवंत, घाम खरा, टापांचा आवाज खरा, आणि रथ मात्र जागचा हलत नाही. मागचा देखावा सरकत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या व्यावसायिक रंगभूमीचे हे वेडच होते. वस्तू खरी हवी, पोशाख खरा हवा, जमल्यास पाणी आणि आगही खरी हवी, आणि त्या खऱ्या वस्तूंच्या मध्ये जी गोष्ट घडायची ती मात्र पूर्णपणे नाट्यमय. हार्ट यांच्या वेस्टर्नपटांचे सूत्र नेमके हेच आहे, आणि ते त्यांनी डकोटाच्या माळावर उचलले त्याहून अधिक या फिरत्या पट्ट्याजवळ उभे राहून उचलले, असे मला वाटते. पुढे १९०५च्या ‘द स्क्वॉ मॅन’मध्ये त्यांनी कॅश हॉकिन्स हा बदमाश गुराखी रंगवला, त्यानंतर ‘द व्हर्जिनियन’ घेऊन दौरे केले. पश्चिमेचा माणूस म्हणून त्यांची ओळख अशी आधी नाटकात झाली.

क्लीव्हलंडचा चित्रपट आणि इन्सव्हिल

आत्मचरित्रातला कळीचा प्रसंग क्लीव्हलंडमध्ये घडतो. दौऱ्यावर असताना हार्ट एक वेस्टर्न मूकपट पाहतात आणि अस्वस्थ होतात. त्यातल्या शेरिफचा अवतार विस्कॉन्सिनचा लाकूडतोड्या आणि ग्लॉस्टरचा कोळी यांची भेसळ वाटावा असा होता, असे त्यांनी लिहिले आहे. दोन्ही उपमा पाहण्यासारख्या आहेत: एक जंगलातला, दुसरा अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा. पोशाखावरून माणूस ओळखणाऱ्या नटाची ही नजर आहे. हे लोकांपुढे चालते तर आपण जे जाणतो ते किती चालेल, असा विचार त्यांच्या मनात आला आणि कॅलिफोर्नियात जायचे त्यांनी ठरवले.

१९१४ साली ते चित्रपटनिर्माते थॉमस इन्स यांच्याकडे पोहोचले. रंगभूमीच्या ओढगस्तीच्या दिवसांत दोघे एकत्र राहिलेले होते. सांता मोनिकाजवळच्या सांता यनेझ खोऱ्यात इन्स यांचा ‘इन्सव्हिल’ हा प्रचंड तळ होता. वेस्टर्नचे दिवस संपले, आता त्यांना गिऱ्हाईक नाही, असे इन्स यांनी सांगितले. तरी आठवड्याला ७५ डॉलरवर काम दिले. दोन रीळांच्या दोन चित्रपटांत खलनायक रंगवल्यावर ‘द बार्गेन’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट मिळाला, त्याचे काही चित्रण थेट ग्रँड कॅन्यनमध्ये झाले, आणि इन्स यांनी नट व दिग्दर्शक अशा दुहेरी कामासाठी आठवड्याला १२५ डॉलर देऊ केले. हार्ट यांनी ते आनंदाने स्वीकारले. आपल्या चित्रपटांवर दुसऱ्याला किती मिळत होते हे कळले तेव्हा झालेली जखम त्यांच्या मनात कायमची राहिली.

त्यावेळी हार्ट जवळपास पन्नाशीला आले होते. पडद्यावरचा त्यांचा चेहरा तरुण नायकाचा कधीच नव्हता, आणि हीच त्यांची ताकद ठरली. वाया गेलेले आयुष्य मागे असलेला, आता उशीर झाला आहे हे जाणणारा माणूस त्यांना शोभत असे. इंग्रजीत ज्याला ‘गुड बॅडमॅन’ म्हणतात, म्हणजे मनाने सरळ असलेला दरोडेखोर, तो त्यांनी घडवला. ‘हेल्स हिंजेस’ (१९१६) मधील ब्लेझ ट्रेसी हा त्याचा सर्वांत ठसठशीत नमुना. या चित्रपटात गावात धर्म रुजवायला आलेला पाद्री दुबळा आहे, आणि दारूच्या गुत्त्याने पोसलेला बंदूकबाज मात्र पाद्र्याच्या बहिणीची श्रद्धा पाहून हलतो. ट्रेसी पहिल्यांदा बायबल वाचतो तेव्हा हातात सिगारेट आहे आणि शेजारी व्हिस्कीची बाटली. अभिनय जवळजवळ शून्य, फक्त डोळे ओळींवरून सरकतात. शेवटी पाद्री स्वतःच दारूच्या नशेत चर्च जाळणाऱ्या जमावात सामील होतो, ट्रेसी गुत्त्यात शिरून दिव्यांवर गोळ्या झाडतो आणि सबंध गाव पेटते. जळत्या लाकडी गावातून हार्ट चालत येतात ते दृश्य आजही अंगावर येते. धूळ, फळ्यांची घरे, मळकट शर्ट, घामट चेहरे हे सगळे खरे आहे. कथा मात्र पापी माणसाच्या उद्धाराची, थेट भावनाप्रधान नाटकातून उचललेली आहे. छायाचित्रक जो ऑगस्ट यांच्या कॅमेऱ्याने ही धूळ इतक्या आदराने टिपली की त्या नाटकाकडे बघणाऱ्याचे लक्षच जात नाही. फ्रान्समध्ये हार्ट ‘रिओ जिम’ या नावाने लोकप्रिय झाले आणि तिथल्या समीक्षकांनी त्यांना गंभीर कलावंत म्हणून वाखाणले, तेही या मिश्रणामुळेच.

खरेपणाच्या या दाव्याची दुसरी बाजूही याच चित्रपटांत आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. ‘हेल्स हिंजेस’मध्ये दृश्यांमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांत खलनायकाचा कपटीपणा सांगताना मेक्सिकन माणसाची उपमा वापरली आहे. त्याच वर्षीच्या ‘द एरियन’मध्ये गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाची कल्पना शीर्षकापासूनच मिरवते. टोपीची कड, खोगिराचे चामडे आणि पिस्तुलाचा पट्टा यांविषयी इतका काटेकोर असणारा माणूस माणसांच्या बाबतीत मात्र आपल्या काळाचे तयार साचे बिनदिक्कत वापरतो. पाहिलेले आणि ऐकीव यांतला फरक त्यांना वस्तूंच्या बाबतीत कळत होता. वंशांच्या बाबतीत तो त्यांनी तपासला नाही.

फ्रिट्झ

हार्ट यांच्या लेखनाकडे जाण्याची वाट त्यांच्या घोड्यावरून जाते. फ्रिट्झ हा पांढऱ्या-तांबूस रंगाचा अबलख घोडा, चणीने लहान. सहा फुटांहून उंच हार्ट त्याच्यावर बसले की पाय बरेच खाली लोंबत. घोडा मुळात इन्स यांच्या कंपनीचा होता. तो स्वतःचा व्हावा म्हणून हार्ट यांनी हट्ट धरला, आणि इन्स यांच्याशी बिनसल्यावर, या घोड्यावर त्यांनी आणखी पैसे मिळवू नयेत म्हणून ‘द नॅरो ट्रेल’ (१९१७) नंतर त्याला पडद्यावर आणणेच थांबवले. घोडा परतला तो १९२०च्या ‘सँड’मध्ये. मधल्या काळात प्रेक्षक त्याच्याविषयी पत्रे लिहून विचारत राहिले. चित्रपटाच्या इतिहासात नावानिशी लोकप्रिय झालेला हा पहिल्या काही घोड्यांपैकी एक.

फ्रिट्झचा एक प्रसंग या प्रकरणासाठी फार बोलका आहे. ‘सिंगर जिम मकी’ (१९२४) मध्ये घोडा आणि स्वार कड्यावरून खाली कोसळतात. यासाठी फ्रिट्झसारखाच हुबेहूब बनावट घोडा तयार करवून घेतला होता. दृश्य इतके खरे उतरले की मुक्या जनावराचे हाल केल्याचा आक्षेप आला आणि घोडा खोटा होता हे हार्ट यांना समजावून सांगावे लागले. आयुष्यभर खरेपणाची शपथ घेतलेल्या कलावंताला आपण खोटेपणा केला हे सिद्ध करावे लागले, तेही ज्या जनावरावर त्यांचा जीव होता त्याच्यासाठी. ‘बेन-हर’चा फिरता पट्टा येथे पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटतो.

लेखणी

हार्ट यांचे लेखन पडद्यावरची कारकीर्द ऐन भरात असतानाच सुरू झाले. १९१९ साली त्यांचा आणि त्यांची बहीण मेरी एलन यांचा ‘पिंटो बेन अँड अदर स्टोरीज’ हा संग्रह आला. ‘पिंटो बेन’ ही कविता स्वाराला वाचवताना जीव गमावणाऱ्या घोड्याची; तिच्यावर त्यांनी १९१५ सालीच एक छोटा मूकपट केला होता. १९१९ सालीच ‘इन्जन अँड व्हायटी’ या बालमालिकेचे पहिले पुस्तक निघाले आणि १९२२पर्यंत आणखी दोन आली. एक गोरा मुलगा आणि एक मूळ अमेरिकी मुलगा यांच्या मैत्रीच्या या साहसकथा. मैत्री मनापासून लिहिलेली आहे, आणि शीर्षकातला ‘इन्जन’ हा हिणकस शब्द मात्र तसाच ठेवला आहे. ‘अ लायटर ऑफ फ्लेम्स’ (१९२३) ही अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील वक्ते पॅट्रिक हेन्री यांच्यावरची कादंबरी, म्हणजे पश्चिमेचा वाराही न लागलेले पुस्तक. पुढे ‘हूफबीट्स’ (१९३३), ‘द लॉ ऑन हॉर्सबॅक’ (१९३५) आणि मेरीसह लिहिलेले ‘अँड ऑल पॉइंट्स वेस्ट’ (१९४०) ही पुस्तके आली.

या सगळ्यांत मला जवळचे वाटते ते १९२२चे ‘टोल्ड अंडर अ व्हाइट ओक ट्री’. त्याच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नाही. ‘बिल हार्टच्या पिंटो घोड्या’ने सांगितलेल्या आठवणी असे तेथे म्हटले आहे. चित्रीकरणातले अपघात, नद्या ओलांडणे, धन्याचा स्वभाव, हे सगळे फ्रिट्झ सांगतो. प्राण्याच्या तोंडून आत्मकथा हा प्रकार इंग्रजीत जुना आहे, पण येथे त्याने एक विलक्षण काम केले आहे. स्वतःविषयी लिहिताना हार्ट ताठर होतात, प्रत्येक शब्दाची शपथ घेतात. घोड्याच्या मुखातून बोलताना ते सैल होतात, धन्याच्या चुकांवर हसतात, त्याच्या हट्टाची कबुलीही देतात. सिद्ध करण्याजोगे काही नसल्यामुळे या पुस्तकात खरेपणाचा ताण नाही, आणि म्हणूनच चित्रीकरणाच्या दिवसांचे हे त्यांच्या आत्मचरित्राहून मोकळे चित्र आहे.

१९२५ सालच्या ‘द ऑर्डर ऑफ चांता सुटाज’चा उल्लेखही आवश्यक आहे. मुलांच्या एका बंधुमंडळाचा हा विधी आहे. ‘चांते सुता’ याचा लाकोटा भाषेत अर्थ धीट, बळकट हृदय. हार्ट या आडनावाशी जुळणारा हा श्लेष सहज सुचलेला नसणार. बालपणी ज्या लोकांची भाषा शिकलो असे ते म्हणत, त्यांच्या शब्दांत त्यांनी आपले नाव घडवले. आणि १९२८ साली लूथर स्टँडिंग बेअर या सू लेखकाचे ‘माय पीपल द सू’ प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याची प्रस्तावना हार्ट यांची होती. कार्लाइलच्या सरकारी शाळेत आपल्या लोकांपासून तोडून नेलेल्या पहिल्या मुलांपैकी स्टँडिंग बेअर एक होते. पुढे त्यांनी चित्रपटांतही काम केले. आपल्या लोकांविषयी आपल्या लेखणीने लिहिणाऱ्या या माणसाच्या पुस्तकाला जगप्रसिद्ध नटाचे नाव उपयोगी पडले. ‘द एरियन’ आणि ही प्रस्तावना यांत बारा वर्षांचे अंतर आहे. हार्ट बदलले असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण ज्याने खरोखर पाहिले आणि भोगले आहे त्याला बोलू द्यावे, एवढे त्यांना येथे उमगले होते.

टम्बलवीड्स आणि निवृत्ती

१९२०नंतर प्रेक्षकांची आवड बदलली. वेस्टर्नपटांतले नट टॉम मिक्स यांच्या झगमगीत पोशाखांपुढे आणि घोड्यावरच्या कसरतींपुढे हार्ट यांचे संथ, नीतीने जड झालेले चित्रपट जुने वाटू लागले. १९२२ साली विनोदी नट बस्टर कीटन यांनी ‘द फ्रोझन नॉर्थ’मध्ये हार्ट यांच्या अश्रूंची नक्कल केली, आणि ती हार्ट यांच्या जिव्हारी लागली, बराच काळ ते कीटन यांच्याशी बोलले नाहीत. ज्या नटाने संयम हेच आपले वैशिष्ट्य मानले त्याचे अश्रू लोकांना हास्यास्पद वाटावेत, हा घाव खोल होता. त्याच सुमारास घरही मोडले. डिसेंबर १९२१मध्ये अभिनेत्री विनिफ्रेड वेस्टओव्हर यांच्याशी झालेला विवाह काही महिन्यांतच विभक्त होण्यावर आला. मुलगा त्यानंतर, सप्टेंबर १९२२मध्ये जन्मला.

चित्रपटांवरचा ताबा सोडा, कथा आणि दिग्दर्शन आम्ही ठरवू, अशी अट पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने घातली तेव्हा हार्ट यांनी बाहेर पडणे पसंत केले आणि स्वतःचा पैसा घालून युनायटेड आर्टिस्ट्सच्या वितरणासाठी ‘टम्बलवीड्स’ काढला. १६ सप्टेंबर १८९३ रोजी आजच्या ओक्लाहोमातली चेरोकी स्ट्रिप ही जमीन वसाहतीसाठी खुली झाली, आणि तोफेच्या आवाजाबरोबर हजारो माणसे घोड्यांवर, गाड्यांत, पायी जमिनीसाठी धावत सुटली. ही धाव चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. टम्बलवीड म्हणजे मुळापासून सुटून वाऱ्याबरोबर माळावर घरंगळत जाणारे वाळके झुडूप, आणि डॉन कार्व्हर हा हार्ट यांचा नायक तसाच बिनबुडाचा गुराखी. धाव सुरू होण्यापूर्वी गुरांचे शेवटचे खांड कुरणातून बाहेर काढले जाते. टेकडीवर थांबलेले गुराखी ते पाहतात, कार्व्हर टोपी उतरवतो, आणि हा पश्चिमेचा शेवट आहे, अशा अर्थाची पाटी पडद्यावर येते. बाकीचेही टोप्या काढतात. कोणी हलत नाही. माझ्या दृष्टीने हार्ट यांच्या साऱ्या कामात यापेक्षा खरे काही नाही.

चित्रपटाला वितरकाने नीट बाजार दिला नाही, असा हार्ट यांचा आरोप होता. ते न्यायालयात गेले आणि १९४०मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण तोवर त्यांची कारकीर्द केव्हाच संपली होती. ‘टम्बलवीड्स’नंतर त्यांनी नायक म्हणून एकही चित्रपट केला नाही.

आत्मचरित्र : साक्षीदार आणि त्याचे साक्षीदार

‘माय लाइफ ईस्ट अँड वेस्ट’ १९२९ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकात पूर्व आधी आहे आणि पश्चिम नंतर, आणि आयुष्याच्या हिशेबाने ते बरोबरही आहे. हे पुस्तक वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, बालपणाच्या आठवणी पन्नास वर्षांनी, आणि अकरा वर्षे त्याच आठवणींवर चित्रपट बेतल्यानंतर लिहिलेल्या आहेत. पडद्यावर घडवलेले पुन्हा स्मरणात शिरले असेल तर ते वेगळे काढणे स्वतः लेखकालाही अवघड आहे. दुसरी, पैशाच्या व्यवहारांतला मुख्य प्रतिपक्ष, थॉमस इन्स, १९२४च्या नोव्हेंबरमध्येच वारले होते. त्यांची बाजू या पुस्तकात नाही आणि येऊ शकतही नव्हती. तक्रार खरी असली तरी ती एकाच पक्षाची कैफियत आहे.

तिसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. आपल्या खरेपणाला दाखला म्हणून हार्ट जुन्या पश्चिमेतल्या नामांकित माणसांच्या मैत्रीकडे बोट दाखवत. बॅट मास्टरसन हे एकेकाळचे शेरिफ म्हातारपणी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात क्रीडालेखक होते आणि हार्ट यांचे चाहते होते. जुन्या पश्चिमेतले कायद्याचे गाजलेले अधिकारी वायट एर्प लॉस एंजेलिसमध्ये राहत होते, आणि आपली बदनामी पुसून टाकणारी कथा कोणीतरी सांगावी म्हणून हार्ट यांना पत्रे लिहीत होते. हार्ट यांच्या ‘वाइल्ड बिल हिकॉक’ (१९२३) मध्ये एर्प हे पात्र पहिल्यांदा पडद्यावर आले. एर्प यांच्या सचिवाने लिहिलेले चरित्राचे हस्तलिखित प्रकाशकांपुढे ठेवण्याची खटपटही हार्ट यांनी केली, ती फळली नाही. जानेवारी १९२९मध्ये एर्प वारले, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हार्ट आणि टॉम मिक्स दोघेही होते. आता हे वर्तुळ पाहा. नट म्हणतो, माझे चित्र खरे, कारण हे जुने शेरिफ त्याला मान्यता देतात. आणि जुना शेरिफ आपल्या आयुष्याची कथा त्या नटाच्या पडद्यावरच्या प्रतिमेसारखी सांगितली जावी अशी इच्छा धरतो. ज्याच्याविषयी साक्ष द्यायची तो इतिहास त्या साक्षीनेच बदलत चालला होता. यात फसवणूक कोणाचीच नाही. एर्प यांना आपली बाजू प्रामाणिकपणे हवी होती, हार्ट यांना ती प्रामाणिकपणे खरी वाटत होती. पण आत्मचरित्राचा वाचक जेव्हा या मैत्रीला पुरावा म्हणून स्वीकारतो, तेव्हा तो एकच नाणे दोनदा मोजत असतो.

एवढे वजा केल्यावरही पुस्तकात मौल्यवान असे बरेच उरते. पाव शतकभर फिरत्या नाटक कंपन्यांत कामाशिवाय काढलेले हिवाळे, भाड्याच्या खोल्या, मॅनेजर लोकांची लहर, एखाद्या भूमिकेसाठीची वणवण, ही वर्णने कुठलाही मोठेपणा न घेता लिहिलेली आहेत. येथे हार्ट यांना काही सिद्ध करायचे नाही. पश्चिमेविषयी लिहिताना ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असतात. पूर्वेविषयी लिहिताना नुसते आठवतात, आणि त्या नुसत्या आठवण्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची अमेरिकी रंगभूमी आपल्यापुढे उभी राहते. ज्या भागासाठी हे पुस्तक कोणी विकत घेतले नसेल, तोच त्याचा सर्वांत विश्वासार्ह भाग आहे.

घर आणि दगड

१९२०च्या दशकात हार्ट यांनी न्यूहॉलच्या टेकडीवर ‘ला लोमा दे लोस व्हिएंतोस’, म्हणजे वाऱ्यांची टेकडी, हे स्पॅनिश धाटणीचे घर बांधले. पश्चिमेचे चित्रकार चार्ल्स रसेल यांची चित्रे, नवाहो विणकामाची जाजमे, बंदुका, पत्रे यांनी ते भरले, आणि पुढची पुस्तके तेथेच लिहिली गेली. १९४३मध्ये मेरी वारल्या. २३ जून १९४६ रोजी हार्ट वारले. घर आणि जमीन त्यांनी लॉस एंजेलिस परगण्याला दिली होती. मुलाने मृत्युपत्राला आव्हान दिले, ते टिकले नाही. लोकांनी पैसे देऊन आपले चित्रपट पाहिले, तेव्हा हे घर त्यांचेच असावे, अशी भावना या देणगीमागे होती. आज ती जागा उद्यान आणि संग्रहालय म्हणून लोकांसाठी आहे.

रँचवर १९३८ साली मेलेल्या फ्रिट्झची समाधी आहे. दगडावर त्याचे नाव, त्याचे वय एकतीस वर्षे, आणि तो निष्ठावान सोबती होता एवढाच मजकूर कोरलेला आहे. धनी त्याच्या शेजारी नाही. हार्ट यांना न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीत पुरले आहे.